ओहोटीचं जेवण

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागला होते, ऑफिसला निघाले होते. तिच्या हॉटेलात स्वयंपाक करणारी मंदाताई रडत सांगत होती, "आक्का उठतच न्हाय." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "पाहुणे कुठे आहेत? पाण्यात नाहीत ना?" माणूस गेलं आणि ही बया पाहुण्यांची चौकशी करते, असं मंदाताईला वाटलं असेल तर वाटो. आत्याच्या हाताखाली वाढलेल्या कुणालाही आधी तेच सुचलं असतं.

बोर्ली पंचतन मागे टाकून उतार संपला की आमचं गाव. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला सुपारीच्या वाड्या, खाडीच्या तोंडाशी ढासळलेला बुरूज आणि देवीचं देऊळ. पूर्वी इथली सुपारी गलबतांनी मुंबईला जायची, म्हातारी माणसं अजून त्याच्या गप्पा मारतात. मग रस्ता झाला, गलबतं बंद पडली आणि शहरातली माणसं किनारा शोधत येऊ लागली. आत्याचे यजमान नुकते वारले होते. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून आत्यानं वाडीत चार खोल्या बांधल्या आणि वर हॉटेलची पाटी लावली.

पहिल्याच हंगामात एक कॉलेजचा मुलगा ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे सापडला. त्याची आई आमच्या ओटीवर बसली होती, पुढ्यातला चहा तसाच... मी लहान होते, दाराआडून बघत होते. 

त्यानंतर आमच्याकडचं जेवण घड्याळावर कधी चाललं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा इथला जुना हिशेब. त्यानंतर तीनेक तासांनी, भरती सरून पाण्याला ओढ लागली की आत्या पानं मांडायची. एकादशीला अकराला, पौर्णिमेला अडीचला, अष्टमीला तर सकाळी नऊलाच घावणे. पाहुणे वैतागायचे. आत्या तळलेली सुरमई त्यांच्या नाकासमोरून न्यायची, आणि पाण्यातला माणूस निमूट पानावर यायचा. जेवण झालं की पाणी ओसरेपर्यंत देऊळ, बुरूज दाखवत फिरवायची. मी एकदा म्हटलं, त्यापेक्षा धोक्याचा बोर्ड लाव ना सरळ. तर म्हणाली, "बोर्ड वाचून कोण भायेर येतो गो? पाणी मागं जातं तेव्हा माणसाला वाटतं, समुद्र दमला."

तेरावं झाल्यावर हॉटेल बंद करायचं माझ्या मनानं घेतलं होतं. हे आपल्याला झेपायचं नाही, एखादा बुडाला म्हणजे... पण मंदाताईची चूल त्यावर पेटते. मग रजा टाकून हॉटेल चालवायला आले. परवा पौर्णिमा. पुण्याचे चौघे पाण्यात होते. अडीचला मासे तळले, हाका मारल्या. त्यांनी हसून हात हलवले. वाटेत पोटभर खाऊन आले होते म्हणे. सुरमईचं काही चालेना. ओली वाळू रुंद होत चालली आणि त्यांची डोकी लांब लांब.  मला पोहता येत नाही. तशीच गुडघाभर पाण्यात घुसले आणि जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या तशा शिव्या दिल्या. पायाखालची वाळू सरकत होती. ते संतापून बाहेर आले. पण चौघंही आले.

पाहुणे तणतणत खोल्यांत गेले. मी ताट घेऊन मागच्या दाराशी उभी राहिले, समुद्राकडे तोंड करून, आणि एकदम लक्षात आलं, आत्या कायम इथेच उभ्यानं जेवायची. हिला बूड टेकायला फुरसत नाही म्हणून आम्ही तिला चिडवायचो. खमकी बाई, कुणाच्या बापाला भ्यायची नाही, असं अख्खं गाव म्हणतं. अगं आत्या, तू तर रोज भीत होतीस. इतकी वर्षं, दर ओहोटीला... आणि आम्हाला पत्ता नाही.

मंदाताईनं हळूच विचारलं, उद्याच्या पाहुण्यांना फोन करून नको म्हणून सांगू का? मी म्हटलं, येऊ देत. ताट खाली ठेवलं आणि उद्याच्या ओहोटीची वेळ बोटांवर मोजू लागले.