राहिलेल्या मुठी

नीलव्वा आत्या गेल्याचं मला बेंबळीच्या एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. धाराशिवच्या स्टँडवर मी भूमच्या गाडीची वाट बघत उभा होतो, आणि हा गडी दारात लटकून ओरडला, "ओ ग्रामसेवक, तुमच्या आत्याबाई गेल्या की पहाटं! चढा लवकर, गाडी सोडतोय." चढलो. खिडकीपाशी बसलो. श्रावण असून रान करपलेलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना गोड लिहावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी लिहावं. आत्याच्या वाट्याला गोड काही आलं नाही, मग मी ते कुठून आणू?

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. बेंबळीपासून कोसभरावरच्या गावात बसप्पा मामांना दिलेली; आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. मामा बटईनं शेत करायचे. शेत बापूसाहेबांचं, बैल-तिफण मामांची, राबणूक दोघांची, आणि रास झाली की निम्मी मालकाच्या घरी. मामांच्या वडिलांपासून हे असंच चाललेलं. कागद-बिगद कुणी केला नव्हता. निजामाच्या राजवटीत बटईदारानं कागद मागायचा म्हणजे मार खायची हौसच म्हणायची. पण ते रान मुळात हरळीनं भरलेलं होतं, आणि त्यातली हरळी या नवरा-बायकोनं खणून काढली होती. आत्याच्या बोटांच्या पेरांत त्या मुळ्यांच्या जखमांचे वण शेवटपर्यंत होते.

आत्याची खरी ओळख मात्र तिची मूठ. ज्यांनी तिफणीची पेरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : तिफणीवर मधोमध एक लाकडी वाटी बसवलेली असते, तिला चाडं म्हणतात. त्यात मुठीतून बी सोडत चालायचं, आणि ते नळ्यांतून तासात, म्हणजे फणानं पाडलेल्या ओळीत, पडतं. मूठ सैल सुटली तर दाट, आखडली तर पातळ. आमच्याकडं हे बहुतेक बायकांचं काम. आत्या चाड्यावर मूठ धरून चालली की दिवसभर कुणाशी बोलायची नाही. मामा बैलांना हाका मारायचे, घुंगरं वाजायची, ती आपली मान खाली घालून चालायची. संध्याकाळी म्हणायची, "हात लई भरून आला गं बाई," आणि हसायची. हसायची तेव्हा. नंतरचं मला आठवत नाही.

आणि एक रीत होती. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीला पहिली मूठ मालकाची. त्या दिवशी बापूसाहेब सजवलेल्या गाडीतून रानात यायचे, तिफणीला हळदकुंकू वाहिलेलं असायचं, नारळ फुटायचा, आणि बापूसाहेब अंगठ्यांच्या हातानं मूठभर ज्वारी चाड्यात टाकायचे. बैल चार पावलं चालले की संपलं. मामा त्यांच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकायचे, आणि मालक सावलीत बसून गुळपाणी घेऊन घरी. उरलेलं सगळं रान आत्याचं... म्हणजे पेरायला आत्याचं.

निजाम गेला, आपण हिंदुस्थानात आलो, आणि काही वर्षांत कुळकायदा आला. मी नवाच ग्रामसेवक झालो होतो. सरकारनं दिलेली सायकल, अंगात खादी, आणि डोक्यात हवा. पहिल्यांदा कुठं गेलो असेन तर आत्याच्या ओसरीवर. म्हटलं, आत्या, जो जमीन कसतो त्याला आता कुणी हुसकू शकणार नाही. पुढंमागं वाजवी किंमत भरून तो मालकही होईल. मामांनी नुसतं "बरं" म्हटलं. आत्या भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला.

"कसणारा म्हंजे कोण रं मन्मथा? मूठ धरणारी त्यात येती का?"

"कुटुंबातलं कुणाचं तरी नाव लागेल, आत्या. मामांचं."

"लागू दे की. नाव त्यांचं लागू दे, रान आपलं होऊ दे," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं मला तुपाची धार धरून शेंगोळे वाढले. तुपाचं गाडगं सणाशिवाय खाली न काढणारी ही बाई!

कायद्यात एक वाट मात्र मोकळी ठेवली होती. हे कायदे लिहिणाऱ्यांना भिंत बांधताना दार ठेवायची फार खोड, आणि ते दार नेमकं वाड्याकडं उघडतं. मालकानं दाखवून दिलं की 'जमीन मी स्वतः कसतो, हा माणूस माझा मजूर', की कुळाचा हक्क संपला. बापूसाहेबांनी तसा अर्ज ठोकल्याचं मला कचेरीतून कळलं. पेरणी तोंडावर होती. मी सायकल हाणत गावी गेलो आणि मामांना म्हटलं, मामा, यंदा मालकाला रानात बोलावू नका. पहिली मूठ तुमच्याच घरची पडू द्या.

आत्यानं लगेच धरलं. "आवो, पोरगं सांगतंय ते ऐका. औंदा मूठ द्यायची न्हाय."

मामा दुखावले. रागावले नाहीत, दुखावलेच. "ती काय म्या दिल्याली हाय व्हय? मान हाय त्यो. आमच्या बापानं दिला. कायदा आला म्हणून रीत मोडायची? उद्या पेरा उगवला न्हाय तर सरकार येणार हाय का उगवाया?"

"आन् रानच गेलं तर?"

"मालक तसं करणार न्हाईत, नीले. त्यांनी आपलं लगीन लावलंय."

बापूसाहेब गाडीतून आले. त्या वर्षी सोबत गावचे पाच-सहा प्रतिष्ठित आणि बेंबळीचा एक मास्तर आणला होता. मामांना वाटलं, मान वाढला! त्यांनी सगळ्यांना टॉवेल वाटले. उधार आणलेले टॉवेल!

चौकशी धाराशिवला तहसील कचेरीत झाली. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. आत्याही आली होती, नवं लुगडं नेसून. तिला शिपायानं दारातच अडवलं : "बाई, तुमचं नाव न्हाय यात. तिकडं लिंबाखाली बसा." ती बसली.

मालकाच्या साक्षीदारांनी काही खोटं सांगितलं नाही, हे लक्षात घ्या. मास्तरांनी सांगितलं, पेरणी मालकांच्या हातानं होताना मी पाहिली. गावकऱ्यांनी सांगितलं, व्हय, दरसाल पाहतो. मग मामांना उभं केलं. वकील मोठा गोड माणूस. "बसप्पा, पेरणीच्या दिवशी मालक स्वतः रानात हजर असतात?"

"व्हय साहेब. त्यांच्याबिगर पेरणी हुतच न्हाय."

"आणि स्वतःच्या हातानं बी टाकतात?"

मामांनी छाती पुढं काढली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. "पैली मूठ त्यांचीच. आमच्या बापाच्या येळंपासनं. कवा चुकलं न्हाय. पायजे तर शपथ घेतो."

तहसीलदारसाहेबांनी लिहून घेतलं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही. न विचारलेलं सांगणं त्यांच्या लेखी आगाऊपणा होता. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला. आत्याला म्हणाले, "मालकांनी माझ्याकडं बघून मान हलवली बघ."

आत्यानं सगळं खोदून खोदून विचारलं. काय विचारलं, तुम्ही काय बोललात. ऐकून घेतलं आणि लिंबाखालून उठत म्हणाली, "राहिलेल्या मुठी कुणाच्या, त्ये इचारलं का कुणी?"

माझ्या समजुतीप्रमाणं, मामा त्यानंतर कधी मोकळेपणानं बोललेच नाहीत.

निकाल लागला. रान मालकाच्या स्वतःच्या कसणुकीचं ठरलं, मामा मजूर ठरले. वरच्या कोर्टात जाऊ म्हणून मी आदळआपट केली, मामा म्हणाले, "माझ्याच तोंडानं बोललो रं, आता कुठल्या तोंडानं जाऊ?" बैल विकले, तिफण विकली. घेणाऱ्याला आत्यानं सांगितलं, चाडं मिळायचं न्हाय, तुमचं दुसरं करून घ्या. तिनं ते घरात खुंटीला टांगलं आणि दुसऱ्या साली लोकांच्या रानात रोजानं मूठ धरायला जाऊ लागली. बेंबळीला गेली, तेरला नदीकाठच्या रानात गेली, चार-चार दिवस परगावी राहिली. बापूसाहेबांनी निरोप धाडला की नीलव्वाचा हात चांगला, तिला रोज जास्त देऊ. मामा घुटमळले. आत्या निरोप्याला म्हणाली, "मालकास्नी सांग, तुमी सोताच कसताय न्हवं? मग कसा की!"

वाचणाऱ्याला वाटेल, त्या साली मालकाचं पीक बुडालं असेल. छे! झकास आलं. ज्वारीला काय कळतंय कुणाची मूठ. नंतर कमाल जमीनधारणेचा कायदा आला, तेव्हा बापूसाहेबांची जमीन पोरांच्या, पुतण्यांच्या, पाळण्यातल्या नातवाच्या नावावर झाली. एकरभरही गावाला मिळाली नाही. मग आलं सुधारित बियाणं, रासायनिक खत, विहिरीला तगाई, सोसायटीचं कर्ज. हे सगळं ज्याच्या नावावर जमीन त्याला. ज्यानं हरळी खणली त्याच्या नावावर काय, तर हरळी. बियाण्याच्या पिशव्या बापूसाहेबांच्या ओसरीवर पोचवायचं काम माझ्याच नोकरीत होतं. दिल्लीत, मुंबईत ठरायचं की देश धान्यानं भरला पाहिजे, आणि इथं त्याचा अर्थ व्हायचा की भरलेल्या घरात आणखी भरा. पुढं तालुक्यात त्यांचा आदर्श शेतकरी म्हणून सत्कार झाला. मी ते आत्याला सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "पैली मूठ ब्येस टाकत्यात. केला आसंल सत्कार."

तिची एक सवय मला फार उशिरा कळली. दरसाल शाळूच्या पेरणीला त्या रानाकडून तिफणीची घुंगरं ऐकू आली, की ती कणगीतून मूठभर ज्वारी काढायची आणि खुंटीवरच्या चाड्यात टाकायची. मग पदर खोचून परक्या रानात कामाला. दाणे सालभर तिथंच असायचे. पुढच्या पेरणीला जुने चिमण्यांना, नवे चाड्यात. मामा हे बघायचे. कधी विचारलं नाही.

तर त्या दिवशी मी पोचलो तेव्हा सगळी तयारी झाली होती. आमच्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात. जंगमस्वामींचे मंत्र झाले, विभूती लागली, बेल वाहिला. बापूसाहेब आले होते, काठी टेकत, थकलेले. गर्दीनं आपसूक वाट दिली. ते खड्ड्याच्या काठाशी आले, सवयीनंच वाकले आणि पहिल्या मातीसाठी हात घातला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. हीच तर आमची खोड!

"थांबा, मालक."

मामांचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. धोतराच्या सोग्याची गाठ ते सोडत होते. गाठ सुटेना. शेवटी दातानं सोडली. आत चाड्यातली ज्वारी होती, गेल्या सालची, निम्मी किडलेली. ती मूठ त्यांनी आत्याच्या मांडीवर सोडली. मग म्हणाले, "आता टाका कुणाला टाकायची ती माती." बापूसाहेब तसेच वाकलेले, हातात माती... मग त्यांनी ती खाली टाकली आणि हात झटकले.

मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण परतीच्या गाडीत पुन्हा राग आला. हे एक वाक्य कचेरीत हवं होतं, मामा. जिथं लिहून घेत होते, तिथं.

परवा हस्त नक्षत्रात पुन्हा गेलो. मामा चाड्याखाली भिंतीला टेकून बसलेले. मुलगा सोलापूरला गिरणीत, घरात सून पार्वती. आत्यानं तिला मूठ शिकवली होती. सकाळची वेळ. त्या रानाकडून घुंगरं वाजू लागली. मामा उठले, कणगीतून मूठ भरून आणली, चाड्यापर्यंत हात नेला... आणि तसाच मागं घेतला. "पार्वते, हिकडं ये," म्हणाले. तिच्या ओंजळीत ज्वारी ओतली. "तू टाक. मूठ धरणारीचा मान असतोय त्यो. मला लई उशिरा कळलं."

पार्वतीनं चौरंगावर चढून दाणे चाड्यात सोडले आणि सासऱ्याच्या पाया पडली. मामांनी डोळे पुसले, मीही पुसले. मग तिनं भाकरी फडक्यात बांधली, पदर खोचला आणि निघाली. यंदा पाऊस नाही, कोरडवाहूवाल्यांनी पेरलंच नाही. पेरणी चालू आहे ती फक्त विहिरीवाल्याकडं.

"कुणाच्या रानात गं?" मी उगाच विचारलं.

"बापूसाहेबांच्या," ती म्हणाली, आणि खाली मान घालून घुंगरांच्या दिशेनं चालू लागली.