ओढ्याच्या पाण्यात धुतलेली टोपी

आमच्या रंगाईच्या युनिटच्या खालच्या गावात कुणाची टोपी पांढरी नव्हती. कुणाची तांबूस, कुणाची निळसर. आम्ही लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांचे पडदे, टॉवेल रंगवायचो, त्याचं पाणी ओढ्याला जायचं, आणि गावाची धुणी त्याच ओढ्यावर. लग्नाला गेलं की इंदुरीकडचे पाव्हणे टोप्या बघूनच वऱ्हाड कुठल्या गावचं ते ओळखायचे. शिवाय विचारायचे, "तुमची रंगपंचमी अजून उरकली न्हाई व्हय?"

हे मला ओढ्याकाठी भात करणाऱ्या एका आबांनी हसत सांगितलं. पुढचं मात्र हसून नाही. भाताचं रोप टाकायच्या आत पाणी सुधारलं नाही तर गाव आमचा पाइप बुजवणार होतं. पाइप बुजला की युनिट बंद, आणि मी परत किनवटला. नववी अर्धी सोडून इतक्या लांब आलेला माणूस रिकाम्या हातानं घरी काय तोंड दाखवणार? माझं जेवणावरचं मन उडालं होतं.

मी सांडपाण्याच्या टाक्यांवर होतो. चुना, तुरटी टाकून गाळ खाली बसायचा, रंग मात्र तसाच. मग पुण्याच्या एका कॉलेजातल्या मॅडम चिनीमातीच्या गोळ्या घेऊन आल्या. बोराएवढ्या, बारीक छिद्रांच्या, अंगावर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर. नुसती पावडर पाण्यात टाकली तर ती परत गाळून काढता येत नाही, म्हणून ती गोळीवर भट्टीत भाजून बसवलेली. वरून जांभळ्या नळ्यांचा उजेड पडला की ती पाण्यातला रंग तोडते आणि स्वतः संपत नाही. हे मला एका दमात कळलं नाही. मॅडमनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि एकदाही आवाज चढवला नाही. ते मी विसरणार नाही.

गोळ्या सांभाळायचं काम त्यांनी मला दिलं. साबणाचा चिकटा बसला की गोळ्या मंदावतात. मग त्या धुवायच्या, वाळवायच्या, परत भाजायच्या. काही दिवसांनी मला हातालाच कळायला लागलं: ताजी गोळी खरखरीत, दमलेली बुळबुळीत. मॅडम तपासायच्या आधी मला विचारायच्या. घरी फोन केला की आईला मी हेच सांगायचो.

गोळ्यांची मोठी टाकी पहिल्यांदा पूर्ण भरली त्या सकाळी युनिटच्या साहेबांनी गावकऱ्यांना बोलावलं. आबा धुवायची टोपी खिशात घेऊनच आले. मी व्हॉल्व्ह उघडला. पाइपातून पाणी आलं ते गुलाबी.

मी घाईनं व्हॉल्व्ह बंद केला. आबांनी खिशातली टोपी काढलीसुद्धा नाही. "चला रं," म्हणाले आणि वळले.

तेवढ्यात टाक्यांभोवती झाडलोट करणाऱ्या मावशी पुढे आल्या. त्या डोंगरावरच्या ठाकरवाडीच्या. "थांबा की आबा. त्ये कुकू हाय. म्या लावलंय. पयलंच पानी सुटतंय, त्याच्या तोंडाला कुकू नको?"

मी पाइपात हात घातला. आत जाडसर कुंकू थापलेलं, बोटं लाल झाली.

"आता कुकवावर ढकला," आबा म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी आमच्याकडून कारणंच ऐकली होती.

मग माझ्याच तोंडून निघालं, "आबा, कुंकूच घालून बघा की. गोळ्या घालवतात का बघू."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कुंकवावर आपण कधी करून पाहिलं नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मग चाचणीची काचेची टाकी पुढे ओढली. मावशींनी कनवटीचा करंडा काढून चिमूटभर कुंकू पाण्यात टाकलं. मी गोळ्या सोडल्या, नळ्या लावल्या, हवेचा पंप सुरू केला.

चहा आला, परत आला. आबा काचेसमोरून हलले नाहीत. गाव कुठलं, घरी कोण, सगळं विचारून घेतलं. "लय लांब आलास," एवढंच म्हणाले. माझं निम्मं लक्ष त्यांच्या बोलण्यात, निम्मं पाण्यात. लाल होतं ते गुलाबी झालं, मग फिकट. शेवटी आबांनी टाकीमागं तळहात धरला. त्यावरच्या रेषा आरपार दिसत होत्या.

तोवर मावशींनी पाइप घासून काढला होता. मी परत व्हॉल्व्ह उघडला, पाणी नितळ आलं. आबांनी टोपी त्या पाण्यात धुतली, पिळली, झटकली आणि ओलीच डोक्यावर चढवली.

मॅडमनी त्यांना थांबवून सांगितलं, रंग गेला म्हणजे सगळंच गेलं असं नाही, तपासणी होईपर्यंत हे पाणी रोपाला घेऊ नका. मला वाटलं, झालं, बिघडलं आता. पण आबा म्हणाले, "ह्ये बरं सांगितलंसा. आजवर कुनी सांगितलं न्हवतं." तपासणी नीट आली. पाइप राहिला. मीही राहिलो.

यंदा आबांच्या पुतण्याच्या लग्नाला मला बोलावणं होतं. कडेला उभा होतो, तर आबांनी हाताला धरून वऱ्हाडात बसवलं. इंदुरीचे एक पाव्हणे आमच्या रांगेतल्या पांढऱ्या टोप्यांकडे बघत आले आणि म्हणाले, "मंडळी कुठल्या गावची?"

आबांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. आधी माझ्याकडे बघून घेतलं.