माझ्याच मशीनवर होणारं बिल्ड

सॉफ्टवेअरच्या धंद्यातले किस्से जमवावे लागत नाहीत, धुळीसारखे आपोआप बसतात. माझ्यावर बसलेली धूळ भिवंडीची, म्हणून तिच्यात सुताचे तंतूही आहेत. झटकून झटकून थकलो, आता सांगूनच टाकतो.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. पाटीलशेठनी कशेळीच्या आपल्या शेतात गोदामं बांधली होती. त्यातल्याच एका गोदामाच्या माळ्यावर त्यांनी आमची कंपनी काढली. गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. आम्ही म्हणजे मी आणि रिझवान, बस्स! माझं लग्न ठरलं होतं आणि मला सुट्टी हवी होती. पण लिहिलेल्या कोडचे सगळे तुकडे जुळवून गिऱ्हाइकाला द्यायची फाइल बनवायची, म्हणजे बिल्ड करायचं, ते फक्त माझ्याच मशीनवर व्हायचं. का, ते देवाला ठाऊक.

*

बिल्डला जेवणाची सुट्टी पुरत नसे. त्यात लोडशेडिंग! रिझवान लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागवाल्यांच्या घरातला. शेजारच्या मागांच्या कारखान्याचा आवाज जरा उतरला की तो ओरडायचा, "लूम बैठ रहा है भाई, सेव्ह मार!" आणि खरंच लाइट जायची. कोड वाचायचा, पण बिल्ड पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी शेठनी इन्व्हर्टर आणला. नारळ फोडला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि माझं मशीनही गेलं. केबिनमध्ये जाऊन बघतो तर शेठच्या डोक्यावर पंखा गरगरतोय!

"शेठ, इन्व्हर्टर बिल्डसाठी आणला होता ना?"

"अरे, पंखा बंद झाला तर बिल्डचा इचार कोन करील?"

*

माझ्या मशीनवर होतं ते रिझवानच्या मशीनवर का होत नाही, हे शेठना समजावणं माझ्या नशिबी आलं. म्हटलं, "शेठ, आपला प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांवर चालतो. त्याला डिपेंडन्सी म्हणतात. त्यातली एक जरी जागेवर नसली, तरी सगळं अडतं."

शेठनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे मामा! नवरा हाय, नवरी हाय, भटजी हाय, पन मामा न्हाय आला तर लगीन न्हाय लागत."

कॉलेजात मला इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून बिल्ड फुटलं की रिझवान स्क्रीनवरची लांबलचक एरर वाचायचाच नाही. नुसता म्हणायचा, "मामा नहीं आया."

*

एकदा रिझवानने एका लायब्ररीचं नवं व्हर्जन टाकलं. "नया है, अच्छा ही होगा!" बिल्ड झालं, सीडी पडघ्याच्या गिऱ्हाइकाकडे गेली. तिथे प्रोग्राम उघडला की लगेच मिटायचा. गोदामाच्या दारात ट्रक उभे आणि फोनवर शिव्या. त्या शिव्या मी खाल्ल्या, कारण फोन माझ्या टेबलावर होता.

जुनं व्हर्जन परत टाकल्यावर चाललं. शेठनी फर्मान काढलं, "संतोषच्या मशीनला कोनी हात न्हाय लावायचा." आणि माझ्या सीपीयूला लिंबू-मिरची बांधली. पुढे दर शनिवारी ताजी बांधायचे. मिरच्या वाळून कीबोर्डवर गळायच्या आणि मला शिंका यायच्या. एवढं करून बिल्ड फुटलं, तर शेठ आधी लिंबाकडे बघायचे, मग माझ्याकडे.

*

मग मात्र मी हट्टाला पेटलो. सगळ्या लायब्रऱ्या त्यांच्या ठरलेल्या व्हर्जनसकट एका फोल्डरमध्ये ठेवल्या. एक स्क्रिप्ट लिहिली. कुठल्याही मशीनवर फोल्डर टाका, एक कमांड द्या, बिल्ड तयार! रिझवानच्या मशीनवर झालं. हिशेबाच्या जुन्या खटाऱ्यावरही झालं. मी शेठना बोलावून दाखवलं.

शेठ म्हणाले, "जा, लगीन कर."

त्या क्षणी मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता एवढा आनंद झाला!

*

आमच्या गावी, कोनला, दारात मांडव पडला. हळदीची संध्याकाळ. मी पाटावर बसलेलो, अंगभर हळद, बायका गाणी म्हणतायत, बेंजोवाला सूर जुळवतोय. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. पुढून पाटीलशेठ उतरले. मागून रिझवान उतरला, पोटाशी माझा सीपीयू धरून. लिंबू-मिरची लोंबतेय!

मी पाटावरूनच ओरडलो, "काय झालं? फुटलं?"

"नहीं भाई," रिझवान म्हणाला. "मेरे मशीन पे एक बार में हो गया. मामा, चाचा, सब आए."

"पडघ्याला चाललं नाही?"

"भेजा किधर? शेठ भेजने नहीं दे रहे."

मी शेठकडे बघितलं. मला रडूच यायचं बाकी होतं. म्हटलं, "शेठ, बिल्ड झालंय ना? मग माझं मशीन इथे कशाला?"

शेठनी बेंजोवाल्याच्या जनरेटरवरून वायर ओढायला सांगितली, मांडवातल्या दोन खुर्च्या जोडून त्यांवर सीपीयू आणि टेम्पोतला मॉनिटर मांडला आणि कीबोर्ड माझ्या पुढ्यात ठेवला.

"झालंय रं, मी कुटं न्हाय म्हनतो? पन ते तुज्याबिगर झालंय. असा माल मी गिऱ्हाइकाला कसा देऊ? तू एकदा हात लाव."

मी पिवळ्या बोटाने एंटर दाबला. आईला वाटलं, ऑफिसची माणसं हळदीलाच आलीत. तिने शेठना हळद लावली, रिझवानला लावली, आणि उरलेली सीपीयूला लावली.