ठरवून हरणारा

१९३५च्या सुमारास मी इंदापूरला मास्तर होतो. तिथल्या बाजारात एकजण लोखंडी कड्या फेकून खुंटीला अडकवायचा खेळ मांडायचा. फेकण्याआधी कडीवरून हळूच अंगठा फिरवायचा, तिची समजूत घातल्यासारखा. एकदा "नशिबाचा खेळ म्हणजे जुगारच," म्हणत हवालदारानं कड्या जप्त केल्या.

खेळवाला म्हणाला, "सरकार, नशिबाचा असता तर ठरवून हरता आलं असतं व्हय? पाच कड्या द्या. सगळ्या खुंटीच्या डावीकडं बोटभर लांब पाडतो."

पाचही तिथंच, एकीवर एक पडल्या.

"त्यात काय मोठं!" म्हणत हवालदारानं नेमकी तिथंच पाडायला स्वतः कडी फेकली. ती थेट खुंटीवर जाऊन बसली.

बाजार हसून लोळला. खेळवाला मात्र अदबीनं उठला.

"ह्याला म्हणत्यात नशीब, सरकार. आता आणा माझ्या कड्या."