देणाऱ्याचं नाव

भांड्यावरचं घासलेलं नावही, नावं कोरणाऱ्या नाववाल्याला दिसायचं. आहेरात आलेलं पातेलं पुढच्या लग्नात द्यायचं म्हणून बायका त्याच्याकडे यायच्या, जुनं नाव घासून नवं घाल म्हणायच्या. तो पातेलं उन्हात तिरपं धरायचा. "हे पाहा, उंद्रीच्या मामाचं नाव. घासलं तरी जात नाही. अन् मी घासत नाही." देणाऱ्यानं स्वतः सांगितल्याशिवाय तो कुठलंच नाव घालत नसे. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर त्याची घरघरणारी मशीन, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. लग्नसराई संपली की शंभर पानी वहीत चौकटी पाडून तो चित्रांची पुस्तकं काढायचा. सगळी सुपरहिरोंची. एक उडणारा, एक विजेची तार हातात धरणारा, एक बाई जिच्या हाकेनं भिंत पडते. पण मारामारी एकातही नाही. माणसाला ताकद आली की पुस्तक संपलं. मालिकेचं नाव 'ताकद कोणाकडून', आणि शेवटच्या पानावर आहेराच्या भांड्यासारखं देणाऱ्याचं नाव. उडणाऱ्याला ती भावाकडून आली होती. दोघं टॉवर रंगवायला चढले, भावाचा दोर तुटला.

"अन् उडून पुढं काय करते तो?" मी विचारलं.

"ते कोणीबी काढते, मावशी. मले त्याच्या आधीचं पाह्यजे."

मी चौथी शिकले, अक्षर लावत वाचते. म्हणून नवी वही आधी माझ्याकडे यायची. "तुले समजलं तं साऱ्याइले समजते," म्हणायचा.

"काऊन बे, एकाचंबी घरचं माणूस जितं ठेवत नाहीस?"

"जित्यानं कोणाले ताकद देली सांग, त्याचंबी पुस्तक काढतो."

मी वही मिटून त्याच्या हातात दिली.

मग पुस्तकाची पाळी माझ्यावर आली. चाळीस वर्षांपूर्वी माझी शोभा आणि शेजारची कमल विहिरीत पडल्या. मी उडी टाकली, कमलला वर काढलं. शोभा गेली. स्वतःची सोडून दुसऱ्याची लेक वाचवली म्हणून गावानं मला साडी-नारळ दिला. मी घेतला. कमल तेव्हापासून मला माय म्हणते, दर दिवाळीला रोहिणखेडहून येते.

पाण्याखाली श्वास घेणारी बाई त्यानं काढली. शेवटचं पान कोरं ठेवलं.

"नाव कोणाचं घालू, मावशी?"

"घाल देवाचं."

"देव सांगाले आला नाही."

वर्षभर विचारत राहिला. तोवर खर्ऱ्यानं त्याचं तोंड उघडेना, गालात गाठ आली. अकोल्याला नेलं, परत आणलं. बोलणं गेलं तेव्हा पाटीवर लिहिलं, 'नाव?'

शेवटी मी त्याला सांगितलं. पाणी गढूळ होतं. एकच हात लागला. शोभाचा समजून ओढला. कमलचा आहे हे कळलं असतं, तर सोडला असता.

त्यानं पाटी पुसली. लिहिलं, 'कमलले सांग.' दोन दिवसांनी गेला. त्याच्या बायकोनं वही आणून दिली. पान कोरंच होतं.

दिवाळीला कमल आली. तिच्यापुढे वही ठेवली आणि सांगून टाकलं. वाटलं, उठून जाईल. एक लेक विहिरीत गेली, ही दारातून जाईल.

ती पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "माय, मले वर आणेपर्यंत तू शोभी, शोभी करून राह्यली होती. मले तवाच समजलं. मागच्या दिवाळीले नाववाल्यानं इचारलं, तं मीच सांगतलं त्याले."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून वर्षभर पान कोरं ठेवलं, आणि तसंच ठेवून मेला.

मी कमलकडे पेन मागितला. कोऱ्या पानावर लिहिलं, शोभाकडून. अक्षर वाकडं आलं. खोडलं नाही.