कपात नको

आमचे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, युद्ध खात्यात नोकरीला आहेत. कुठल्या ठाण्यावर किती माणसं पुरतील हे नकाशावर मांडून द्यायचं, हे त्यांचं काम. खुर्चीवर बसण्याआधी तिचे चारही पाय टेकलेत का ते बघणारा माणूस. जाऊबाई म्हणतात, माझ्याशी लग्न तेवढं न बघता केलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा टेकडीवरच्या अगदी पुढच्या ठाण्यात आहे. समोरच्या शिंप्याचा मुलगा त्याच टेकडीच्या पायथ्याशी, वर रसद पोचवणाऱ्या तुकडीत.

लढाई लांबत गेली आणि सैन्य कमी करायचं का, असा प्रश्न निघाला. उठल्यासुटल्या जाऊबाईंचं एकच पालुपद, कमी करा म्हणावं, पोरगं घरी येईल. शिंपीही येताजाता तेच विचारायचा. भाऊजी नुसते हुं म्हणायचे. कपात नेहमी मागून सुरू होते, हे त्यांना ठाऊक होतं. पायथ्याची तुकडी आधी परतते, वरचे वरच राहतात, आणि त्यांच्या पाठीशी कुणी उरत नाही. हे सांगून जाऊबाईंची उरलीसुरली झोप कशाला घालवायची?

त्या कचेरीत एक रीत आहे. बैठकीत सगळ्यांत खालच्या हुद्द्याच्या माणसानं आधी बोलायचं, म्हणजे कुणी साहेबांची री ओढत नाही. कपातीच्या बैठकीत सगळ्यांत खालचे भाऊजीच होते.

साहेबांनी विचारलं, "तुमचा मुलगा तिथंच आहे ना? बाहेर बसता का?"

"बाहेर बसलो तरी मांडणी माझीच आहे, साहेब," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी मत दिलं, कपात नको. कारणं एकेक करून सांगितली. त्यांत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. वरिष्ठांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, तेव्हा नको म्हणालो, एवढंच बोलले. त्या दिवसापासून त्या पाणीसुद्धा त्यांच्या हातात देत नाहीत, टेबलावर ठेवून आत जातात.

तेही त्यांनी सोसलं असतं. पण परवा शिंपी सदरा घेऊन आला. मुलगा येणार म्हणून हौसेनं शिवायला घेतलेला, काजं तेवढी राहिलेली. म्हणाला, "पोराचं येणं लांबलं. तुमच्या मापाचा करून देऊ का? कापड पडून राहतं."

भाऊजींनी नको म्हटलं. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मांडणी बरोबर होती गं. पण माझा मुलगा पायथ्याशी असता, तर हेच बोललो असतो का?"

 सकाळी कामावर निघताना त्यांनी दार उघडलं. समोरच दुकान, खुंटीला तो सदरा, आणि शिंप्यानं नेहमीसारखा हात वर केला. भाऊजींनीही केला.