चिंतामणीचा कौल

त्याचं नाव मला ठाऊक नाही; त्याचे घामेजलेले तळवे तेवढे आठवतात. तुळजापूरच्या देवळात चिंतामणीच्या गोल दगडावर ते टेकून तो बसला होता. मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडं वळला तर हो, डावीकडं वळला तर नाही, हललाच नाही तर थांबायचं. हा मात्र मोठ्यानं पुटपुटत होता, "आई, नवी पिकअप आत्ताच घिऊ का थांबू?"

दगड हलला नाही. त्यानं तळवे धोतराला पुसून पुन्हा टेकले. तरी नाहीच.

माझी एसटी चुकली होती. तो कांद्याची पोती घेऊन सोलापूरला निघाला होता, त्यानं मला जुन्या पिकअपमध्ये घेतलं. घाट लागला तशी त्याची बडबड बंद झाली. प्रत्येक वळणाआधी तो तीन-तीनदा ब्रेक दाबायचा आणि श्वास धरून ठेवायचा. माझेही पाय नकळत खाली रुतले.

"मग, थांबणार का?" मी कसंबसं विचारलं.

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"देवी थांब म्हनली. म्या थांबन की," म्हणत त्यानं पुन्हा ब्रेकवर पाय आपटला. "पन ही कुठं थांबती?"